कॉन्फेडरेट सैनिकाची सेवापत्रे : 'गैरहजर' या शेऱ्याचा अर्थ

अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या, म्हणजे कॉन्फेडरेट, सैन्यातील एखाद्या सामान्य शिपायाचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासकास प्रथम वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील सेवापत्रांकडे वळावे लागते. ही पत्रे युद्धकाळी लिहिलेली नाहीत, हे पुष्कळांच्या ध्यानी राहत नाही. एप्रिल १८६५ मध्ये रिचमंड पडले, तेव्हा दक्षिणी सरकारच्या दप्तराचा काही भाग बाहेर नेण्यात आला व तो पुढे शार्लट येथे उत्तरेच्या हाती पडला. मुख्यतः अशा दप्तरातील हजेरीपटांवरून प्रत्येक शिपायाच्या नोंदी कार्डांवर उतरवण्याचे काम १९०३ मध्ये सुरू होऊन १९२७ मध्ये संपले. पराभूतांची चाकरी जेत्यांच्या युद्धखात्यातील कारकुनांनी टिपून ठेवावी, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

मूळ हजेरी सामान्यतः दर दोन महिन्यांनी, पगारासाठी, घेतली जाई. त्यामुळे 'हजर' हा शेरा त्या हजेरीपुरताच खरा. मधल्या लढाईत तो शिपाई उभा होता असे त्यावरून सिद्ध होत नाही. 'गैरहजर' हा शेरा तर याहून फसवा आहे. इस्पितळ, रजा, अन्यत्र नेमणूक, शत्रूची कैद आणि पलायन या सर्वांना तोच शब्द लागू पडे, आणि कारण लिहिलेले नसेल तर केवळ त्या शब्दावरून एखाद्यास पळपुटा ठरविणे हा अन्याय होय. अशा वेळी कैद्यांच्या नोंदी पाहाव्यात. त्या उत्तरेच्या अधिकाऱ्यांनी ठेवल्या असल्याने दक्षिणी हजेरीपटापासून स्वतंत्र आहेत. पलटणीला ज्याचा ठावठिकाणा नव्हता, तो शिपाई पॉइंट लुकआउट किंवा एल्मायरा येथील छावणीच्या वहीत सापडू शकतो.

१८६४ च्या अखेरीनंतरचे हजेरीपट तर अनेक पलटणींचे मिळतच नाहीत. तेथे कार्डे मुकी होतात, शिपाई नाहीसा होतोच असे नाही. ९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्स येथे शरण आलेल्या सुमारे २८,००० सैनिकांना वचनावर मुक्त करण्यात आले. त्यांच्या याद्यांत पुष्कळांची अखेरची नोंद आढळते. नावाच्या वर्णलेखनाविषयी मात्र सावध राहावे, कारण कारकून कानावर पडेल तसे लिहीत.

निवृत्तिवेतनाचे कागद वॉशिंग्टनमध्ये शोधणे बहुधा व्यर्थ ठरते. ते वेतन दक्षिणी राज्यांनी आपापल्या कायद्यांनुसार दिले, आणि अर्जही त्या त्या राज्याच्या अभिलेखागारात आहेत. त्यांत जुन्या सोबत्यांच्या साक्षी असतात, पण त्यांपैकी कित्येक युद्धानंतर तीस-चाळीस वर्षांनी दिलेल्या आहेत.