प्रपंचातील ख्रिस्ती श्रद्धा

धर्मश्रद्धेची कसोटी उपासनेच्या वेळी फारशी लागत नाही. प्रार्थनामंदिरात सर्व काही श्रद्धेला अनुकूल असते. गीत चालू असते, सोबतीस समानधर्मी मंडळी असतात, आणि घरची विवंचनाही घटकाभर दूर राहिलेली असते. खरी कसोटी लागते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. दुकानदाराची उधारी थकलेली, घरात कोणी अंथरुणाला खिळलेले, मुलाची फी भरावयाची राहिलेली, आणि अशातच शेजाऱ्याने उणा शब्द बोललेला. ह्या सर्वांत ज्याची श्रद्धा शाबूत राहते, त्यानेच ती खऱ्या अर्थाने कमावली असे म्हणावे लागेल. महाराष्ट्रातील संतांनी प्रपंच करून परमार्थ साधण्याची शिकवण दिली ती ह्याचसाठी. ख्रिस्ती माणूस संसाराच्या रगाड्यात आपली श्रद्धा कशी जतन करतो, आणि ती दुसऱ्यापुढे कशी ठेवतो, ह्या दोन प्रश्नांचा विचार येथे कर्तव्य आहे. प्रश्न दोन दिसतात खरे; परंतु ती एकाच प्रश्नाची दोन अंगे आहेत, हे थोड्या विचारांती ध्यानात येईल.

ह्या विचारास यवतमाळ जिल्ह्याची पार्श्वभूमी घेणे दोन कारणांनी उचित आहे. पहिले कारण असे की, ह्या जिल्ह्यातील पुष्कळशा कुटुंबांचा चरितार्थ कोरडवाहू कपाशीवर चालतो. मृगाचा पाऊस लांबला की पेरलेले बी जमिनीतच करपते आणि दुबार पेरणीचा प्रसंग येतो. बियाणे कर्जाऊ, खत कर्जाऊ, आणि बाजारभाव कोणाच्याच हाती नाही, अशा स्थितीत माणसाचे मन किती काळ धीर धरील? शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हा जिल्हा साऱ्या देशास परिचित व्हावा ही मोठी खेदाची गोष्ट आहे. सन २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत यवतमाळचा समावेश होता. श्रद्धा जतन करणे म्हणजे काय, हा प्रश्न येथे केवळ पुस्तकी राहत नाही.

दुसरे कारण इतिहासाचे आहे. फ्री मेथॉडिस्ट ह्या अमेरिकन ख्रिस्ती मंडळीचे हिंदुस्थानातील कार्य अर्नेस्ट वॉर्ड व त्यांच्या पत्नी फीबी ह्यांनी सन १८८१ मध्ये सुरू केले. पुढे ह्याच मंडळीने यवतमाळ येथे आपले ठाणे वसविले. सन १९५३ मध्ये अनेक मिशनांच्या सहकार्याने यवतमाळास युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची संस्था उभी राहिली, आणि सन १९८३ मध्ये पुण्यास जाईपर्यंत निरनिराळ्या प्रांतांतील विद्यार्थी ह्या लहानशा शहरात येऊन शिकले. परंतु संस्था आणि इमारती ह्यांहून अधिक बोधप्रद अशी एक साधी हकीकत वॉर्ड ह्यांच्या नावाशी निगडित आहे.

सन १८९३ मध्ये एक तरुण ब्राह्मण कवी नोकरीच्या शोधात नागपुराहून आगगाडीने राजनांदगावास निघाला होता. हे कवी म्हणजे नारायण वामन टिळक. डब्यात एक गोरे गृहस्थ बसले होते. त्या काळी गोऱ्या उतारूकडून देशी माणसाला बहुधा उर्मटपणाच मिळत असे. ह्या गृहस्थांनी मात्र टिळकांना आदराने जागा करून दिली, त्यांच्याशी संस्कृत काव्यावर संभाषण केले, त्यांची धर्मविषयक मते शांतपणे ऐकून घेतली, आणि निरोप घेताना नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवून ती वाचण्याची विनंती केली. हे गृहस्थ अर्नेस्ट वॉर्ड होते असे सांगतात. टिळकांनी पुस्तक वाचण्याचे कबूल केले ते प्रामुख्याने त्या सौजन्याखातर. आरंभीची पाने त्यांच्या मनास रुचली नाहीत. परंतु दिलेला शब्द पाळावयाचा म्हणून ते वाचत राहिले, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. दिनांक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ह्या प्रसंगाचे मर्म नीट पाहिले पाहिजे. त्या सहप्रवाशाने वादविवाद केला नाही, टिळकांच्या पूर्वजांच्या धर्माची निंदा केली नाही, कसलेही आमिष दाखविले नाही. त्याने एका अनोळखी माणसाला बरोबरीच्या नात्याने वागविले एवढेच. ह्या वागण्याने टिळकांच्या मनाचे दार किलकिले झाले, आणि मग पुस्तक आपले काम करण्यास मोकळे झाले. ज्याच्या अंगी सौजन्य मुरलेले नाही, त्याला ते ऐन प्रवासात उसने आणता येत नाही. म्हणजे वॉर्ड ह्यांनी डब्यात जे वाटले, ते त्यांनी आधी घरी, एकांतात आणि नित्याच्या वागणुकीत जतन केलेले होते.

ह्या कथेचा दुसरा भाग पहिल्याहून कठीण आहे, आणि तो लक्ष्मीबाई टिळकांचा आहे. पतीने धर्म बदलला तेव्हा ह्या बाईंवर आकाशच कोसळले. सुमारे पाच वर्षे पतिपत्नी एकमेकांपासून दूर राहिली. लहान मुलगा दत्तू ह्याला घेऊन बाईंनी नातेवाइकांच्या आश्रयाने दिवस काढले. पुढे त्या पतीकडे अहमदनगरास (आताचे अहिल्यानगर) आल्या, त्या आपले सोवळे सांभाळूनच. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न बाईंनी स्वतःच स्वतःला विचारला, आणि उत्तर सापडताच सोवळेओवळे टाकून दिले. सन १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या ह्या बाईंनी ही सारी हकीकत पुढे ‘स्मृतिचित्रे’ ह्या ग्रंथात सांगितली. सन १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेला हा ग्रंथ मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणला जातो.

‘स्मृतिचित्रे’ वाचताना एक गोष्ट विशेष जाणवते. टिळकांचे घर म्हणजे काही शांतिनिकेतन नव्हते. पैशाची ओढाताण नित्याची, यजमान तापट आणि तितकेच उदार. हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे. पाहुण्यांना व अनाथ मुलांना घरात सदैव थारा, आणि स्वयंपाकघरातील डबे मात्र रिकामे. बाई रुसत, भांडत, हसत आणि पुन्हा कामाला लागत. श्रद्धावान कुटुंबात भांडण नसते, ही समजूत ह्या ग्रंथाने कायमची खोटी पाडली आहे. श्रद्धेमुळे अडचणी नाहीशा होत नाहीत. अडचणींतही माणसाला परत उठता येते, इतकाच तिचा दावा असतो, आणि तो काही थोडाथोडका नव्हे.

आता ही श्रद्धा रोजच्या रोज जतन करावयाची कशी? ख्रिस्ती कुटुंबात ह्याचे जुने साधन म्हणजे घरची प्रार्थना. दिवेलागणीला किंवा जेवणाआधी घरातील सर्वांनी एकत्र बसावे, शास्त्रातील चार ओळी वाचाव्यात, एखादे गीत म्हणावे आणि त्या दिवसाची काळजी देवापुढे बोलून दाखवावी. वेळ फार तर पंधरा मिनिटे. हा परिपाठ दिसावयास क्षुल्लक आहे, पण त्याचे बळ मोठे आहे. जी चिंता एकट्याच्या मनात वाढत राहते, ती ह्या निमित्ताने सर्वांच्या कानावर जाते. यजमानावर किती कर्ज आहे हे ज्या घरात पत्नीलाही ठाऊक नसते, त्या घरात हे मोकळेपण केवढे उपकारक ठरेल ह्याची कल्पना करावी. पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य ह्याला लिहिलेल्या पत्रात त्याच्या श्रद्धेचे मूळ कोठे दाखविले आहे? कोणा मोठ्या आचार्यात नव्हे, तर आजी लोइस आणि आई युनीके ह्यांच्यात.

गीतांच्या बाबतीत मराठी ख्रिस्ती समाजावर टिळकांचे ऋण फार मोठे आहे. परक्या सुरावटींवर बसविलेली भाषांतरित गीते जिभेवर सहज खेळत नाहीत, हे त्यांनी ओळखले आणि अभंग, भजन व कीर्तन ह्या देशी साधनांचा अंगीकार केला. लक्ष्मीबाईही कीर्तने करीत. जात्यावर, पाळण्यापाशी किंवा निंदणीच्या वेळी ओठांवर येते तेच गीत माणसाच्या अडीअडचणीस उपयोगी पडते. पुस्तक उघडण्यास जेव्हा मन घेत नाही, तेव्हा पाठ असलेले भजन आपोआप आठवते.

तथापि असेही प्रसंग येतात की प्रार्थनाही सुचत नाही. अशा वेळी पवित्र शास्त्रातील एलीया ह्या संदेष्ट्याची कथा आठवावी. राणीने जिवे मारण्याची धमकी दिली तेव्हा हा पराक्रमी पुरुष रानात पळून गेला, एका रतामाच्या झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवाने त्याला काय उत्तर दिले? प्रथम त्याला झोप लागू दिली. मग दूताने त्याला स्पर्श करून उठविले आणि भाजलेली भाकर व पाणी दिले. तो पुन्हा निजला, आणि दूताने त्याला पुन्हा खाऊ घातले. श्रद्धा उणी पडली म्हणून त्याला दोष दिला नाही. पुढे होरेब डोंगरावर त्याचे गाऱ्हाणे ऐकून घेतले, त्याला करण्याजोगे काम दिले, अलीशा हा सोबती दिला, आणि तू एकटा नाहीस, तुझ्यासारखे आणखी सात हजार आहेत, असे सांगितले.

खचलेल्या माणसाशी कसे वागावे ह्याचा संपूर्ण पाठ ह्या कथेत आहे. अन्न, विश्रांती, ऐकून घेणारा कान, झेपेल असे काम आणि सोबत, हा त्याचा क्रम. नापिकीने हताश झालेल्या शेतकऱ्याला आल्याआल्या श्रद्धेवर प्रवचन देणे हे ह्या क्रमाच्या उलट आहे. त्याच्या घरी भाकरी पोहोचवावी, रात्री त्याच्यापाशी बसावे, बँकेत किंवा तहसील कचेरीत त्याच्याबरोबर जावे, आणि मरणाची भाषा त्याच्या तोंडी आली तर ती हसण्यावारी न नेता त्याला दवाखान्यात न्यावे. सरकारने सुरू केलेल्या टेलिमानस ह्या सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करून तज्ज्ञांशी बोलताही येते. वैद्याची मदत घेणे म्हणजे श्रद्धेत कमी पडणे, असे कोणी मानू नये. एलीयाला भाकर देणारा दूत देवानेच पाठविला होता.

राहिला प्रश्न श्रद्धा दुसऱ्यापुढे ठेवण्याचा. येथे फार सावधगिरी हवी. भारताच्या राज्यघटनेचे २५ वे कलम प्रत्येकास आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य ह्यांची मर्यादा त्याला आहे. प्रसाराच्या ह्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सन १९७७ मध्ये दिला. कायदा बाजूस ठेवला तरी ख्रिस्ती नीतीही वेगळे सांगत नाही. उपाशी माणसाला अन्न देताना त्याच्या धर्माचा विचार मनात आणणे म्हणजे दानाचा सौदा करणे होय. मदत निरपेक्ष असेल तरच ती मदत; तिच्या पोटी अट दडलेली असेल, तर घेणारा लाचार होतो आणि देणाऱ्याची श्रद्धा हिणकस ठरते.

मग बोलावे केव्हा? पेत्राच्या पत्रात ह्याचे मार्मिक उत्तर आहे. तुमच्या आशेचे कारण कोणी विचारील, तर सौम्यतेने व आदराने उत्तर देण्यास सिद्ध असा, असा त्याचा आशय आहे. येथे आधी प्रश्न आहे आणि मग उत्तर आहे. शेजाऱ्याला विचारावेसे वाटेल असे आपले वागणे असले पाहिजे, हे त्यात गृहीतच आहे. कापसाच्या वजनात खोट नाही, सालगड्याची मजुरी वेळेवर मिळते, सासरी नांदत असलेल्या मुलीबद्दल कुचाळकी नाही, संकटात धीर सुटत नाही, असे एखादे घर गावात असले म्हणजे लोक आपण होऊन विचारतात. विचारले की सांगावे. तेही थोडक्यात आणि स्वतःच्या अनुभवाचे. न विचारता सांगितलेले उपदेश कानाबाहेरच राहतात.

सांगण्याची रीत कशी असावी, ह्याचे एक सुरेख उदाहरण प्रेषितांच्या कृत्यांत सापडते. अक्विल्ला व प्रिस्किल्ला हे जोडपे तंबू करण्याचा धंदा करी. करिंथ नगरात पौल त्यांच्याच घरी राहून तेच काम करीत असे. पुढे अपुल्लोस नावाचा एक विद्वान वक्ता सभास्थानात बोलताना त्याचे ज्ञान अपुरे असल्याचे ह्या दोघांच्या लक्षात आले. त्यांनी भरसभेत त्याची चूक काढली नाही. त्याला आपल्याकडे नेले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. हातावर पोट असलेल्या कष्टकरी दांपत्याने एका पंडिताला शिकविले, आणि त्याचा मानही राखला. वॉर्ड ह्यांचे आगगाडीतील वागणे ह्याच जातीचे होते.

श्रद्धेचे जतन आणि तिचे वाटप ही एकाच प्रश्नाची दोन अंगे आहेत, असे आरंभी म्हटले त्याचा उलगडा आता व्हावा. शेतकरी उत्तम बियाणे कणगीत राखून ठेवतो ते पेरण्यासाठीच. नुसतेच राखले तर त्याला कीड लागते, आणि राखलेच नाही तर मृगात पेरावयास काही उरत नाही. घरची पंधरा मिनिटांची प्रार्थना, पाठ असलेले भजन, शेजाऱ्याची संकटात घेतलेली विचारपूस आणि विचारल्यावर दिलेले सौम्य उत्तर, एवढी सामग्री कोणत्याही गरीब घरात असू शकते. तिला पैसा लागत नाही, मोठी विद्या लागत नाही. लागते ती चिकाटी. लक्ष्मीबाईंना पाच वर्षे वाट पाहावी लागली, आणि त्यांच्या घरी टंचाई त्यानंतरही आली. पण त्या घरच्या दाराशी आलेल्या पोरक्या मुलाला जेवावयास मिळत राहिले, आणि त्या दिव्याच्या उजेडात लिहिलेली गीते आजही मराठी प्रार्थनामंदिरांतून गाइली जातात.