पैसा दिला, प्रश्न विचारला नाही

1 फेब्रुवारी 2021 च्या पहाटे म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली आणि त्याच सकाळी आपल्या संसदेत अर्थसंकल्प मांडला गेला. वर्षभराने, पुन्हा त्याच तारखेच्या अर्थसंकल्पात म्यानमारच्या मदतीसाठी 600 कोटी रुपये होते. तो आकडा मला आजही बोचतो.

म्यानमारमधल्या 1988 च्या उठावात दिल्ली लोकशाहीवादी आंदोलकांच्या पाठीशी होती. भारताचा नेहरू पुरस्कारही त्यांच्या नेत्या आंग सान स्यू ची यांना मिळाला. पुढे चीनची धास्ती आणि ईशान्येतले बंडखोर यांच्यापायी धोरण फिरलं. ते सगळ्यांना ठाऊक आहे.

माझा राग 1998 ते 2007 या काळावर आहे. मुंबईच्या कामगारांनी डोक्यावर घेतलेल्या जॉर्ज फर्नांडिसांनी दिल्लीतल्या सरकारी बंगल्यात बर्मी विद्यार्थ्यांना थारा दिला होता. आम्हा समाजवादी मंडळींना त्याचा केवढा अभिमान! फेब्रुवारी 1998 मध्ये आपल्या दलांनी अंदमानच्या लँडफॉल बेटावर म्यानमारच्या लष्कराशी लढणाऱ्या आराकानी आणि करेन बंडखोरांना पकडलं. त्यांचे सहा नेते मारले गेले. भारतीय गुप्तचरांच्याच भरवशावर आलो होतो, असं कैदी शेवटपर्यंत सांगत राहिले. पुढच्याच महिन्यात फर्नांडिस संरक्षणमंत्री झाले. तरी ते कैदी वर्षानुवर्षं तुरुंगातच राहिले. इतक्या मोठ्या मनाच्या माणसालाही आपल्याच खात्याकडून जाब घेता आला नाही, याचं दुःख अजून ओसरलेलं नाही.

सप्टेंबर 2007 तर विसरताच येत नाही. म्यानमारचे भिक्खू लष्करी राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरले होते, आणि आपले पेट्रोलियममंत्री, मुंबईचे मुरली देवरा, त्याच आठवड्यात म्यानमारमध्ये तेल-वायूचे करार करत होते. 27 तारखेला यांगूनमध्ये जपानी पत्रकार केन्जी नागाई गोळीबारात मारले गेले. करार मात्र कायम राहिले. ब्रिटनच्या नाराजीला न जुमानता आयलँडर विमानंही आपण त्याच सुमारास म्यानमारच्या नौदलाला दिली. 2020 मध्ये ‘सिंधुवीर’ पाणबुडी दिली.

म्यानमारमधल्या भूकंपानंतर मंडालेत आपल्या लष्कराने उभारलेलं रुग्णालय योग्यच होतं. मदत थांबवा, असं मी म्हणत नाही; प्रश्न विचारा, एवढंच म्हणतो. अमेरिकेत 1997 पासून सिनेटर लीही यांच्या नावाचा नियम आहे: घोर अत्याचाराची विश्वासार्ह माहिती असलेल्या परदेशी लष्करी तुकडीला सरकारी पैसा द्यायचा नाही. इजिप्त, इस्रायलच्या बाबतीत तो लंगडा पडला. पण नियमावर बोट ठेवून तिथला खासदार विचारू तरी शकतो. आपल्याकडे असा कायदाच नाही. परराष्ट्र खात्याच्या अनुदानाच्या मागण्या कित्येकदा चर्चेविनाच मंजूर होतात.

मार्च 2021 मध्ये केंद्राने ईशान्येच्या राज्यांना निर्वासित रोखायला सांगितलं. मिझोरमने ऐकलं नाही. तिथल्या चर्चनी आणि तरुण संघटनांनी घराघरांतून तांदूळ गोळा करून हजारोंना जगवलं. राज्य सरकार केंद्राकडे पैसे मागत राहिलं. त्या 600 कोटींतला थोडा वाटा मिझोरममधल्या चंफाईच्या निर्वासित छावण्यांकडे का वळला नाही, याचं उत्तर परराष्ट्रमंत्र्यांनी लोकसभेत उभं राहून द्यावं.