मामू, लोखंडाचीच सायकल घेऊ का?

हमरापूरला आपाच्या घरी गेलो की पडवीत दुल्हेभाईंची काळी ॲटलस दिसतेच. एके काळी पेणच्या बाजाराची सगळी ये-जा तिच्यावर व्हायची. मागच्या कॅरियरवर तांदळाची गोणी, पुढच्या दांडीवर पोरगा. आता तो पोरगा पुण्यात आहे. राहतो कोंढव्यात आणि कामाला जातो हडपसरला. रिक्षा रोज परवडत नाही, बसला वेळ फार जातो. मोटारसायकलचे नाव काढले की आपाच्या डोळ्यांत पाणी येते, कारण महामार्गावरचे अपघात तिने जवळून पाहिलेत. शेवटी मुलाने मध्यम मार्ग काढला. "मामू, अब्बांची ॲटलस पुण्याला नेतो. नवी चाके टाकतो, गिअर बसवतो."

कल्पना मलाही आवडली होती. ॲटलस म्हणजे सोनीपतची कंपनी, 1951 साली निघालेली. तिचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला तो 3 जून 2020 रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी! अशी सायकल पुन्हा रस्त्यावर आली तर कोणाला नको असेल? पण हिशेब करायला बसलो तेव्हा गोष्ट जमेना. या जुन्या सायकलींची चाके 28 इंची म्हणतात ती, रिमवर टायर बसतो तिथला व्यास 635 मिलिमीटर. आजच्या रोड सायकलीचे 700सी चाक 622 चे. म्हणजे नवा टायर जुन्या रिमवर चढत नाही, आणि नवे चाक टाकले तर ब्रेकचे रबर रिमच्या साडेसहा मिलिमीटर वर राहते. त्यात ॲटलसला सळईचे ब्रेक, कॉटर पिनचे पायडल आणि वजन वीस किलोच्या आसपास. गिअर बसवायचा तर मागचा चिमटा फाकवावा लागणार. खर्च नव्या सायकलीएवढा, आणि कोंढव्याचा चढ होता तिथेच.

मग ठरले, सायकल लोखंडाचीच, पण रोड सायकल. दुकानदार ॲल्युमिनियमची घ्या म्हणतात, ती हलकी असते हे खरे. पण पोलादाची फ्रेम वाकली तर बहुधा सरळ करता येते, तडा गेला तर चांगला कारागीर जोडून देतो. ॲल्युमिनियमला हे सुख नाही. मात्र "स्टील" एवढ्या शब्दावर भुलू नका. स्वस्त सायकलीत साधे जाड नळीचे पोलाद असते. क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेले, ज्याला बाजारात क्रोमोली म्हणतात, ते जास्त मजबूत, म्हणून नळी पातळ करता येते आणि पूर्ण सायकल दहा-बारा किलोत बसते. आणखी एक. स्टीलची सायकल मऊ चालते असे जो तो सांगतो. माझ्या मते खड्ड्यांत अंग वाचवतो तो टायर, फ्रेम नव्हे. 23 मिलिमीटरचा बारीक टायर शर्यतीला ठीक, पुण्याच्या रस्त्यांना 28 ते 35 चा हवा. तेव्हा फ्रेममध्ये तेवढी जागा आहे का आणि मडगार्ड-कॅरियरला स्क्रूची भोके आहेत का, हे रंगाच्याही आधी पाहा. मडगार्ड नसेल तर पावसाळ्यात कामावर पोहोचेपर्यंत पाठीवर चिखलाची रेघ उठते.

माप घरीच निघते. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, पायांमध्ये जाड पुस्तक घट्ट वर धरा, पुस्तकाच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. येतील त्या सेंटिमीटरांना 0.66 ने गुणा. भाच्याचे 80 आले, म्हणजे फ्रेम साधारण 53 ची. मोठी सायकल स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. सिग्नलला पाय टेकता आला नाही तर काय उपयोग?

हप्त्यांवर घ्यायची नाही हे दुल्हेभाईंनी आधीच सांगितले होते, व्याज नको. म्हणून जुनी शोधली. पहिली सायकल फार देखणी होती, किंमतही आवाक्यातली. खिशात फ्रिजवरचे लोहचुंबक नेले होते, ते चिकटले; पोलाद खरे. पण हँडलखालच्या तिरप्या नळीच्या पोटावरून बोट फिरवले तर रंगाखाली बारीक सुरकुती लागली. ही समोरून आदळल्याची खूण. विकणारा म्हणाला, "काही नाही, रंग फुगलाय." आम्ही शुक्रिया म्हणून निघालो. वाहत्या रस्त्यात पुढचा चिमटा दगा देतो तेव्हा ब्रेकचाही उपयोग नसतो.

दुसरी साधीशीच. सीटचा दांडा सहज वर-खाली झाला (गंजून अडकला असता तर तीही सोडली असती), पायडलचा दट्ट्या हलत नव्हता, मागच्या चाकाला थोडा आउट होता. आउट काढायला मिस्त्रीला अर्धा तास लागला. पुढे 34 दातांची लहान चकती, मागे 32 ची मोठी. चढाला एवढे पुरते. हेल्मेट, मागचा लाल दिवा, घंटी आणि जाड कुलूप यांसाठी पैसे आधीच बाजूला ठेवले होते. लोक नेमके इथेच हात आखडतात.

गंजाचे म्हणाल तर पुण्यात तेवढी भीती नाही. आपल्या खाडीकाठच्या खाऱ्या हवेत मात्र सीटचा दांडा काढून नळीत चमचाभर जवसाचे तेल सोडावे, सायकल चहूबाजूंनी कलती करून ते आत फिरवावे आणि सुकू द्यावे. पावसात भिजली तर सायकल उलटी करून पाणी काढावे, चेन पुसून तेल द्यावे.

पहिले आठ दिवस आपा रोज सकाळी फोन करायची, "पोहोचलास?" आता तो पोहोचल्यावर स्वतःच मिस्डकॉल देतो. आणि पडवीतल्या ॲटलसला दुल्हेभाईंनी नवी कॉटर पिन टाकून घेतली. भाचा सुटीला येतो तेव्हा त्याची बॅग आणायला ती स्टेशनवर जाते.