दिवाळीनंतर आजार कोण सांभाळणार?

दिवाळी सरली की अलिबाग, पेण, कर्जतकडच्या कातकरी वाड्यांतली अनेक घरं बंद होतात. माणसं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. आशाताई, ओळखीचं आरोग्य केंद्र मागेच राहतं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भ-नंदुरबारइतका नसला तरी कोकणातल्या आदिवासी समाजांतही आढळतो. भट्टीवर जाणाऱ्या घरात हा आजार असलेल्या मुलाला पंधरा-सोळाव्या वर्षी आपला आजार स्वतःला सांभाळता आलाच पाहिजे.

या आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. प्राणवायू सुटला की हे रेणू एकमेकांना चिकटतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवस. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडं असह्य ठणकतात. अंगातलं पाणी कमी झालं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाटतं आणि हे चिकटणं वाढतं. भट्टीवरचं ऊन म्हणूनच घातक.

या आजारात मूत्रपिंडाला इजा झाल्यानं लघवी दाट करण्याची ताकद लहानपणीच घटते. पाणी टिकवण्याची ज्याला सर्वाधिक गरज, त्याच्याच शरीरातून ते निघून जातं. ‘भरपूर पाणी पी’ एवढं सांगून कसं भागेल? तास चालू असताना लघवीला जायची मुभा हवी. आश्रमशाळेत स्वच्छतागृह नीट नसेल तर मुली पाणी पिणंच टाळतात. माझ्या मते मुलींचं स्वच्छतागृह हा इथे उपचाराचाच भाग आहे.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भातल्या बाळाच्या रक्तात असतं त्या प्रकारचं (फीटल) हिमोग्लोबिन वाढवतं, पण दुखत नसतानाही ते रोज घ्यावं लागतं, अधूनमधून रक्त तपासून. स्थलांतरापूर्वी पुरेशा गोळ्या सोबत द्यायला हव्यात. गर्भधारणेचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, हे मुलीला वेळेत कळायला हवं.

ताप, छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा अशक्तपणा यांपैकी काहीही झालं तर तडक दवाखाना. मुलांमध्ये लिंगाला न ओसरणारी, वेदनादायी ताठरता येऊ शकते. लाजेपायी ती लपवली जाते आणि कायमचं नुकसान होतं. हे त्यांना आधीच, स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी पहिला प्रश्न मुलालाच विचारावा. काही मिनिटं आईला बाहेर बसवून त्याच्याशी एकट्यानं बोलावं. गोळी किती वेळा चुकली, हे तो तेव्हाच सांगेल.