भाताविना माशाचे जेवण

मालवणच्या किनाऱ्यावर जेवण म्हणजे भात नि माशाची कढी. घरात मधुमेह शिरला आणि डॉक्टरांनी भात कमी करा म्हटले, की वडीलधारे माणूस ताटावर रुसते. “भात नाय, तर मासो कित्याक?” मग भाताबरोबर मासाही सुटतो. हे उलटेच झाले! साखर चढते ती भातातल्या पिष्टाने. 100 ग्रॅम शिजलेल्या भातात ते सुमारे 28 ग्रॅम असते. माशात ते जवळजवळ नसतेच. प्रथिने मात्र 18 ग्रॅमच्या आसपास मिळतात.

आता कढी म्हटली की ती भात मागणारच. म्हणून मासा भाजावा. युरोपात पांढरा मासा भाज्या आणि चीज घालून भट्टीत भाजतात. बांगड्याला स्वतःची चरबी असते. मुडदुशे, सौंदाळे यांच्यात ती थोडी, म्हणून कोरड्या आचेवर ते चामट होतात. चीजमुळे स्निग्धपणा येतो. आपल्याकडे ते काम ओला नारळ करील, आणि वाफ कोंडायला केळीचे पान आहेच.

अर्धा किलो मासे साफ करून मीठ, हळद नि कोकमाचे आगळ लावून पाव तास ठेवावेत. अर्धी वाटी खोबरे, मिरची, लसूण, कोथिंबीर यांचे घट्ट वाटण करावे. पडवळ, भेंडी किंवा शेवग्याचा पाला आधी अर्धा शिजवून घ्यावा, कारण मासा भाजीच्या आधी होतो. पान आचेवर फिरवून नरम करावे. त्यावर भाजी, वर मासा, वर वाटण, आणि घट्ट पुडी बांधावी. पातेल्यात ठेवून धोंडसाला देतो तशी खालून-वरून निखाऱ्यांची मंद आच द्यावी. गॅस असेल तर जाड तवा नि झाकण पुरे. पुडी मध्ये एकदा उलटावी. वीसेक मिनिटांत मास काट्यापासून सुटते. आत जमलेला रस मात्र फेकू नका, सगळी चव त्यातच!

तांदळाचे पीठ लावून मासा तळला, किंवा भाताऐवजी तांदळाची भाकरी वाढली, तर पिष्ट मागल्या दाराने परत आलेच. नाचणीचेही तसेच.

एक सांगून ठेवतो. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर भात एकाएकी सोडू नये. औषध तेवढेच राहून साखर एकदम उतरते. घाम, थरथर, कधी शुद्धही जाते. आधी डॉक्टरांना विचारून औषधाचे प्रमाण ठरवून घ्यावे, मग पुडी बांधावी.