हयातीचा दाखला आणि एक ई-मेल

गेल्या नोव्हेंबरात नाशिकरोडचे एक निवृत्त गृहस्थ तपासणीसाठी आले. औषधे नियमित असूनही रक्तदाब चढलेला, झोप उडालेली. पत्नी बाहेर बसल्यावर त्यांनी कारण सांगितले. ‘हयातीचा दाखला अद्ययावत न केल्यास पेन्शन थांबेल’ असा ई-मेल आला होता. त्यातील लिंक उघडून त्यांनी खाते क्रमांक भरला, पाठोपाठ ओटीपीही. पैसे गेले; तीन आठवडे घरात कुणालाच सांगितले नव्हते.

नोव्हेंबर हा दाखल्याचा महिना, हे भामट्यांनाही ठाऊक असते. दाखला आपण स्वतः बँकेत, टपाल खात्यामार्फत किंवा ‘जीवन प्रमाण’वर द्यायचा असतो, त्यासाठी ई-मेल धाडून वा फोन करून कुणी ओटीपी मागत नाही. पाठवणाऱ्याचे नाव सरकारी दिसले, तरी नाव बनावट लावता येते. म्हणून लिंक उघडूच नये, बँकेत जाऊन विचारावे.

छातीत कळ आल्यास पहिला तास मोलाचा, तसेच येथेही आहे. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवल्यास पैसे पुढे सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता असते. तीन आठवड्यांनी ती फारच थोडी उरते.

घरातील तरुणांना एक विनंती. ‘एवढे कसे कळले नाही?’ असे विचारू नका. (माझ्याही ओठांवर तेच आले होते.) या प्रश्नाच्या धास्तीनेच ते गप्प राहिले होते. त्यांच्या संमतीने पत्नीला आत बोलावले आणि दवाखान्यातूनच १९३० ला फोन लावला.