उचलले न जाण्याची कुस्ती

ग्रीको-रोमन कुस्तीच्या सर्वांत वजनदार, म्हणजे १३० किलो गटावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: इथे काही घडतच नाही. दोन अवाढव्य मल्ल एकमेकांना रेटत राहतात, पंच शिट्टी फुंकतो, एक गुण कुणाच्या तरी नावावर लागतो आणि सहा मिनिटे संपतात. आपल्याकडे हा आक्षेप चटकन पटतो. कमरेखाली पकड नाही, डावात पाय घालायचा नाही, म्हणजे पट गेला, टांग गेली. लाल मातीतल्या निकाली कुस्तीवर पोसलेल्या नजरेला हा खेळ अर्धाच वाटतो. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या ब्राँझपासून आजवर भारताला कुस्तीत मिळालेली सगळी ऑलिंपिक पदके फ्रीस्टाइलची आहेत, त्यामुळे ग्रीको-रोमन बघण्याची सवयही आपल्याला फारशी लागली नाही. तरी माझे म्हणणे असे, की जिथे काही घडत नाही असे वाटते तिथेच या गटातले खरे काम चाललेले असते. ते काम म्हणजे उचलले न जाणे.

त्यासाठी हात बघायला हवेत. दोघांनाही समोरच्याच्या काखेखालून आपला हात आत घालायचा असतो. ज्याचा हात आत गेला, त्याच्या ताब्यात समोरच्याचा खांदा येतो. खांदा वर सरकला की टाचा हलक्या होतात आणि टाचा हलक्या झालेला माणूस १३० किलोंचा असला तरी ढकलला जातो. म्हणून ज्याचा हात बाहेर राहिला, तो कोपर बरगडीला घट्ट चिकटवतो, समोरच्याचे मनगट धरून खाली दाबतो, कपाळ त्याच्या कानशिलात रुतवतो आणि पुन्हा आत शिरायची वाट शोधतो. दुरून हे नुसते रेटणे दिसते. जवळून पाहिले तर प्रत्येक श्वासागणिक एक जागा जिंकली किंवा गमावली जात असते. या झटापटीत जो मागे पडतो, त्याला पंच निष्क्रिय ठरवतो: एक गुण जातो आणि त्याला मॅटवर पोटावर झोपावे लागू शकते. वरचा मल्ल त्याच्या बरगड्यांभोवती हातांची गाठ मारतो, त्याला भारंदाजने फिरवू पाहतो किंवा सरळ उचलू पाहतो. खालचा पोट आणि मांड्या मॅटला दाबून धरतो.

ही कला किती मोठी आहे, याचा पुरावा सिडनी ऑलिंपिकमध्ये मिळाला. रशियाचा अलेक्सांद्र कॅरेलिन तेव्हा १३ वर्षे अपराजित होता. १९८८, १९९२ आणि १९९६ ची ऑलिंपिक सुवर्णपदके त्याच्याकडे होती. खाली पडलेल्या धिप्पाड मल्लाला उलट्या पकडीने उचलून मागे फेकण्याचा त्याचा डाव इतका धसका देणारा होता, की कित्येक जण झुंजण्याआधीच खचत. अमेरिकेच्या रूलॉन गार्डनरलाही त्याने १९९७ मध्ये असेच फेकले होते. २७ सप्टेंबर २००० च्या अंतिम लढतीत मात्र तोच गार्डनर मॅटवरून उचलला गेला नाही. त्या वेळच्या नियमाप्रमाणे पहिल्या सत्रात गुण झाला नाही, की दुसऱ्या सत्राला दोघांनी एकमेकांना पकडून सुरुवात करायची आणि ज्याची पकड आधी सुटेल त्याने एक गुण गमवायचा. पकड कॅरेलिनची सुटली. एक गुण, आणि १३ वर्षांची मालिका संपली.

यावर कुणी म्हणेल, की हा वजनाचा आणि पंचांच्या मर्जीचा खेळ झाला. वजनाचा मुद्दा टिकत नाही. कमाल मर्यादा दोघांनाही सारखीच असते, आणि ज्याला एकदा उचलता आले तोच माणूस तीन वर्षांनी उचलता आला नाही, हे काट्यावरच्या आकड्याने समजावून सांगता येत नाही. पंचांचा मुद्दा अधिक गंभीर आहे. निष्क्रिय कोण हे ठरवताना चुका होतात, आणि एका गुणावर लढत फिरते तेव्हा त्या चुका फार जिव्हारी लागतात. पण पंच देतो तो एकच गुण. खाली पडलेल्याला फिरवायचे की नाही, हे पंचाच्या हातात नसते. क्यूबाच्या मिहाइन लोपेझने टोकियो ऑलिंपिकमध्ये चार लढती जिंकल्या आणि चारही मिळून शून्य गुण दिले. तुर्कीच्या रिझा कायाल्पविरुद्धची उपांत्य लढत २-० अशी होती. फेकीला चार किंवा पाच गुण मिळतात, म्हणजे या लढतीत फेक झालीच नाही, हे उघड आहे. ज्या कायाल्पने २०११ आणि २०१५ च्या जागतिक अंतिम लढतींत लोपेझलाच हरवले होते, त्याला इतके बांधून ठेवणे पंचाच्या कृपेने जमत नाही. पॅरिसमध्ये, वयाची बेचाळिशी तोंडावर असताना, लोपेझने सलग पाचवे सुवर्ण घेतले. अंतिम लढतीत समोर होता चिलीकडून खेळणारा यास्मानी अकोस्ता, जन्माने क्यूबन. २०१५ मध्ये चिलीत राहण्याआधी क्यूबाच्या संघात तो लोपेझच्याच मागे होता. लोपेझची पकड त्याच्याइतकी ओळखणारे फार थोडे असतील. तरीही निकाल ६-० लागला.

२०१३ मध्ये ऑलिंपिकमधून कुस्तीच वगळण्याचा प्रस्ताव आला, तो काही महिन्यांत मागे पडला. पण तेव्हापासून खेळ वेगवान करा, गुण वाढवा, हा दबाव कायम आहे. या गटापुरता तरी तो उपाय मला चुकीचा वाटतो. प्रेक्षकाला गुण कमी पडत नाहीत, दिसायला कमी पडते. प्रक्षेपणाचा कॅमेरा दोन्ही देह पूर्ण दाखवायला इतका दूर उभा केलेला असतो, की काखेत शिरणारा हात त्यात येतच नाही. पहिली तीन मिनिटे एक कॅमेरा फक्त मनगटे आणि कोपरांवर ठेवावा, आणि समालोचकाने गुणफलक वाचण्याऐवजी कुणाचा हात आत आहे, एवढे सांगत राहावे.